रैन बसेऱ्याची नोंदवही
(समाजाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्याख्यानाला एखादा प्रसन्न विषय असतो. ज्ञानेश्वरीवर झालं, नाट्यसंगीतावर झालं, मधुमेहावरही झालं. यंदा सचिव मला म्हणाले, "तुम्ही सरकारी दवाखान्यात औषधांचा साठा सांभाळता, त्यावरच बोला काहीतरी." मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बोला. पण आरती साडेआठला आहे." तेव्हा तेवढ्या वेळात उरकतो. सुरुवातीलाच सांगतो की मी शासनाचा नोकर असलो तरी आज बोलतोय ते माझं स्वतःचं मत आहे, विभागाचं नाही.

आपल्या भोपाळात ज्यांना घर नाही अशी माणसं रात्री रैन बसेऱ्यात झोपतात. सरकारी कागदावर आता त्याला 'आश्रय स्थल' म्हणतात. त्यांतली काही नशा करतात. नशा करणाऱ्यांतली काही स्मॅक घेतात, म्हणजे आपण मराठीत ज्याला गर्द म्हणायचो ती. काही अफूच्याच जातीच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेतात. आणि एखाद्या रात्री मात्रा जास्त होते, श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जातो. अशी किती गेली, किती जाता जाता वाचली, याची वेगळी नोंद ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही. आज मला फक्त या नोंदीबद्दल बोलायचं आहे. व्यसन वाईट असतं हे तुम्हाला सांगायला मी आलेलो नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

भोपाळकराला खरं तर मोजणीचं महत्त्व समजावून सांगावं लागू नये. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेच्या त्या रात्रीनंतर, हमीदियाच्या आवारात प्रेतांची रीघ लागली होती. इथल्या ज्येष्ठांनी ते पाहिलं आहे, मी घरी ऐकलं. गांधी मेडिकल कॉलेजचे डॉ. हीरेश चंद्र आणि त्यांचे सहकारी दिवसरात्र शवविच्छेदन करत राहिले. अनोळखी मृतांना नंबर दिले गेले, फोटो काढले गेले आणि त्या फोटोंवरून कित्येकांना आपलं माणूस ओळखता आलं. ज्यांना नंबरही मिळाला नाही त्यांचं काय झालं? राज्य सरकारचा मृतांचा आकडा ३,७८७. केंद्र सरकारनं २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली तिच्यात ५,२९५. गॅसपीडितांच्या संघटना याच्या कित्येक पट सांगतात. ती याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. चाळीस वर्षं आपलं शहर एका आकड्यावरून भांडतं आहे, कारण त्या आठवड्यात जे लिहायचं राहिलं ते पुढे कधीच नीट भरून निघालं नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच सणाचं. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे खटलापुरा घाटावर विसर्जनाच्या वेळी नावा उलटल्या आणि ११ जण बुडाले. शहर हादरलं. प्रत्येकाचं नाव, वय, मोहल्ला छापून आला आणि चौकशीचे आदेश निघाले. ते व्हायलाच हवं होतं. पण एका रैन बसेऱ्यात वर्षभरात समजा तीन माणसं नशेनं गेली, तर ती तीन तारखांना, तीन वेगवेगळ्या कागदांवर, तीन वेगळ्या कारणांनी जातात. एकत्र अशी ती कुणाला दिसतच नाहीत.

रैन बसेरे आले कुठून, तेही थोडक्यात सांगतो. अन्नाच्या हक्काच्या मोठ्या खटल्यात २०१० पासून सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं की मोठ्या शहरांत एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा आणि तो बाराही महिने, चोवीस तास उघडा हवा. २०१३ मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका मिशन आलं, त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना बसली. २०११ च्या जनगणनेत भोपाळ महापालिकेची वस्ती १८ लाखांच्या आसपास होती, म्हणजे त्या हिशेबानं १८ निवारे. त्याच जनगणनेत देशभरात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. हे काम करणारी माणसं हा आकडा फार कमी मानतात, आणि ज्यानं कधी रात्री अकराला नादरा बस स्टँड ते स्टेशन एवढं अंतर पायी कापलं आहे त्यालाही तो कमीच वाटेल.

आता थोडं माझ्या पेशातलं. अफूपासून बनणारी किंवा अफूसारखं काम करणारी सगळी द्रव्यं एका कुटुंबातली. मॉर्फीन, हेरॉइन म्हणजे स्मॅक, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, दुखण्यावरची ट्रामाडॉल, आणि ब्युप्रेनॉर्फिन. आपल्या राज्याला अफू परकी नाही. मंदसौर, नीमच, रतलाम भागात ती परवान्यानं पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे, आणि त्यातून निघणाऱ्या मॉर्फीनवर कर्करोगाच्या रुग्णाची शेवटची रात्र थोडी सोसण्यासारखी होते. म्हणून औषधाला शिव्या देण्यात अर्थ नाही. ही द्रव्यं दुखणं थांबवतात आणि जास्त झाली की मेंदूतलं श्वासाचं केंद्र झोपवतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असल्या की हे फार लवकर होतं. रस्त्यावर तर मिसळूनच चालतं. हातात जे आलं ते.

अजून एक गोष्ट, जी डॉक्टर मंडळी जाणतात पण बाहेर फारशी माहीत नाही. सर्वांत धोक्याची वेळ नशा रोज चालू असते ती नव्हे. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस बाहेर आल्यानंतरचे पहिले काही दिवस जास्त धोक्याचे. मधल्या काळात शरीराची सवय उतरलेली असते, पण हाताला जुनं माप आठवतं. घर असलेला मुलगा बाहेर येतो तेव्हा आई रात्री दोनदा उठून बघते. घर नसलेला रैन बसेऱ्यात येतो.

इथं एक फरक लक्षात ठेवा, कारण वर्तमानपत्रं सगळ्याला सरसकट 'ड्रग्ज' म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या बगरोदा औद्योगिक क्षेत्रात कारखान्यावर छापा पडला, अठराशे कोटींचा माल म्हणून देशभर बातमी झाली. तो माल एमडी, मेफेड्रोन. तो अफूच्या कुटुंबातला नाही. पंक्चरचं सोल्यूशन हुंगणारी पोरं दिसतात, तेही यात नाही. त्यांचे धोके वेगळे, उपचार वेगळे. मी बोलतोय तो प्रकार वेगळा काढण्याचं कारण एवढंच की त्यावर उतारा आहे. त्या उताऱ्याकडे येतोच.

त्याआधी कागद. रैन बसेऱ्यात पहाटे एक माणूस उठत नाही. तिथला केअरटेकर १०८ ला फोन करतो. त्याच्या रजिस्टरात नाव, आधार असलं तर नंबर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ असे रकाने असतात. जाण्याच्या रकान्यात तो लिहितो, 'बेहोश मिला, १०८ से गया.' आरोग्य शिबिराला जातो तेव्हा मी ही रजिस्टरं चाळतो. अशा ओळी भेटतात. त्यापुढे काही नसतं, कारण केअरटेकरला पुढचं कोणी कळवत नाही आणि त्याला विचारायचं कामही नसतं. दुसरा कागद दवाखान्याचा. अज्ञात पुरुष, वय अंदाजे पस्तीस, दारूच्या अंमलाखाली असल्याचा संशय. तोंडाला दारूचा वास असला की पुढचं कुणी शोधत नाही, रात्रपाळीच्या गर्दीत शोधणार तरी कोण. माणूस गेला तर तिसरा कागद ठाण्यात. मर्ग कायम होतो, पंचनामा होतो, जो पूर्वी कलम १७४ खाली व्हायचा आणि जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १९४ खाली होतो. शवविच्छेदनात जखम नाही, विष दिसत नाही, म्हणून व्हिसेरा राखून ठेवला जातो आणि मृत्यूच्या कारणावरचं मत अहवाल येईपर्यंत थांबतं. चौथा कागद स्मशानाचा. लावारिस.

एकच माणूस, चार कागद, आणि चौघांना जोडणारा धागा नाही. चारही ठिकाणी काम करणारे लोक आपापलं काम नियमाप्रमाणे करतात, हे मी मुद्दाम सांगतो. यात कुणी दुष्ट नाही.

व्हिसेऱ्याचंही सांगतो. लोकांना वाटतं प्रयोगशाळेत पाठवलं की सगळं कळतं. यंत्राला विचाराल त्याचंच उत्तर मिळतं. अफू-मॉर्फीन ओळखणाऱ्या नेहमीच्या चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन किंवा ट्रामाडॉल सापडत नाही, त्यांची वेगळी तपासणी मागावी लागते. मागायची तर आधी संशय हवा. संशय यायचा तर पंचनाम्यात सिरिंज, चांदीचा कागद, गोळ्यांची रिकामी पट्टी यांचा उल्लेख हवा. आणि रैन बसेऱ्यात पोलीस येण्याआधी शेजारच्या खाटेवरचा माणूस नेमकं तेच उचलून फेकून देतो. का, ते पुढं.

असा सगळा गाळून आलेला आकडा देशपातळीवर जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या अहवालात नशेच्या अतिमात्रेनं झालेले मृत्यू आहेत ६८१. संपूर्ण भारतात, सगळ्या प्रकारच्या नशा धरून. आता दुसरा आकडा. दिल्लीच्या एम्सनं केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी मोठी पाहणी केली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार अफूवर्गाच्या नशेमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे लोक देशात सुमारे ७७ लाख. ७७ लाखांत वर्षाला ६८१, म्हणजे अकरा हजारांत एक. हे खरं मानायचं तर आपले स्मॅकवाले जगातले सर्वांत ठणठणीत स्मॅकवाले म्हणायला हवेत. त्या पाहणीत दोन लाख घरांना भेटी दिल्या होत्या. ज्यांना घरच नाही त्यांचा दरवाजा कुठं वाजवणार? रस्त्यावरच्या व्यसनींपर्यंत जायला त्यांनी वेगळी साखळी पद्धत वापरली, हे त्यांच्या श्रेयाचं. पण ती जिवंत माणसांची मोजणी होती.

मोजलं की काय दिसतं, ते बाहेर दिसलं आहे. अमेरिकेत बॉस्टन शहरात बेघरांसाठी आरोग्यसेवा चालवणारी संस्था आहे. तिच्याकडे २००३ ते २००८ मध्ये आलेल्या २८,०३३ प्रौढांची यादी घेऊन संशोधकांनी ती मृत्यूनोंदींशी ताडून पाहिली. १,३०२ जण गेले होते. पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं नशेची अतिमात्रा, २१९ मृत्यू, आणि त्यांतल्या ८१ टक्क्यांत अफूवर्गाचं द्रव्य होतं. हृदयविकार आणि कर्करोगाच्याही वर. आपल्यापैकी कुणाकुणाची मुलं-सुना कॅनडात टोरांटोला आहेत. त्या शहराचं आरोग्य खातं २०१७ पासून सगळ्या बेघरांच्या मृत्यूंची नोंद ठेवतं, फक्त निवाऱ्यात झालेल्या नव्हे. शिवाय निवाऱ्यांमधून अतिमात्रेच्या घटनांची संख्या वेगळी गोळा होते, त्यात वाचलेलेही धरतात. तिकडचं मुख्य विष फेंटानिल, आपल्याकडचं वेगळं, तेव्हा त्यांचे आकडे इथं लावू नका. त्यांची वही घेण्यासारखी आहे. विशेषतः वाचलेल्यांना मोजणं. एक मेला तेव्हा त्याआधी त्याच खोलीत कितीतरी जण त्याच वाटेवरून परत आलेले असतात. ते मोजले तर मरणाऱ्याआधी कळतं.

कुणी म्हणेल, स्वतःच्या हातानं ओढवून घेतलेल्या मरणाचा एवढा हिशेब कशाला? एका ज्येष्ठांनी मला हे बाहेर चहा पितानाच विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. त्यांना मी आपल्याच शहराचं उदाहरण दिलं. गॅसकांडानंतर १९८६ मध्ये गांधी मेडिकल कॉलेजात भोपाळची कर्करोग नोंदणी सुरू झाली. सुरू झाली गॅसचे परिणाम पाहायला. पण तिनं दाखवून दिलं की भोपाळच्या पुरुषांत जिभेचा आणि तोंडाचा कर्करोग किती आहे, आणि त्याचं मोठं कारण तंबाखू, गुटखा. तो कुणी जबरदस्तीनं चारला नव्हता. तरी त्या नोंदींना कुणी निरर्थक म्हटलं नाही. त्यावर दवाखान्यांची आखणी झाली, जनजागृती झाली. गुटखा खाणारा आपल्या ओळखीचा असतो, साहेबही असतो. स्मॅकवाला तसा नसतो, एवढाच फरक मला दिसतो.

आता उतारा. त्याचं नाव नॅलोक्झोन. १९७१ पासून जगात वापरात आहे, आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अफूवर्गाचं द्रव्य मेंदूत ज्या जागेवर बसतं तिथून हे त्याला ढकलून स्वतः बसतं. शिरेतून दिलं तर दोन-तीन मिनिटांत माणूस श्वास घेऊ लागतो. नशा चढत नाही, व्यसन लागत नाही, आणि अंदाज चुकला, माणूस अफूच्या नशेत नव्हताच, तर सहसा काही बिघडत नाही. मर्यादा आहेत. परिणाम अर्धा ते दीड तास टिकतो, आत गेलेली नशा त्याहून जास्त टिकू शकते, म्हणून शुद्धीवर आलेला माणूस परत घसरू शकतो. त्याला दवाखान्यात बसवून ठेवावं लागतं, आणि तो बसायला तयार नसतो, कारण अंगातली नशा एकदम ओढून काढल्यासारखी होऊन तो चिडलेला असतो. ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्याला मात्रा जास्त लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये सांगितलं की जिथं अशा घटना पाहायला मिळतात तिथल्या लोकांच्या हाती हे औषध आणि ते द्यायचं शिक्षण असावं. कित्येक देशांत ते नाकात मारायच्या फवाऱ्यात मिळतं. आपल्याकडे ते चिठ्ठीवरचं औषध, मुख्यतः इंजेक्शन. केअरटेकरनं ते टोचावं असं मी म्हणणार नाही.

पण दवाखान्यात, १०८ च्या गाडीत ते हवं. आणि इथं नोंदीचा मुद्दा माझ्या टेबलावर येतो. सरकारी साठ्याची मागणी कशी होते? मागच्या वर्षी किती खपलं ते बघायचं, थोडं वाढवायचं, इंडेंट पाठवायचं. पॅरासिटॅमॉल लाखांनी खपते, लाखांनी येते. नॅलोक्झोन चार अँप्यूल खपले तर पाच मागायचे. दोन एक्स्पायर झाले तर पुढच्या वर्षी तीनच. वरून विचारलं की गरज असेल तर दाखवा, तर दाखवायला काय आहे? 'अज्ञात पुरुष, दारूचा संशय.' दारूला नॅलोक्झोन लागत नाही. नोंद नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून औषध हाताशी नाही, हाताशी नाही म्हणून डॉक्टरच्या मनात ते पटकन येत नाही, आणि मनात येत नाही म्हणून नोंद होत नाही. हा फेरा कुठूनतरी तोडायचा तर सर्वांत स्वस्त जागा रैन बसेऱ्यातली वही आहे.

आता शेजारच्या खाटेवरचा माणूस सिरिंज का फेकतो, ते. एनडीपीएस कायद्यात, १९८५ चा तो कायदा, कलम २७ खाली सेवन करणं हाही गुन्हा आहे. स्मॅकसाठी एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याच कायद्यात कलम ६४ अ आहे. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देणारं. पण रात्री तीन वाजता खाटेखाली बसलेल्याला ६४ अ कोण समजावून सांगणार? त्याला माहीत असतं ते एवढंच की पोलीस येणार आणि सगळ्यांची झडती होणार. त्यात अनेक ठिकाणी नशेत असलेल्यास प्रवेश नाही असा नियम. केअरटेकरचीही अडचण खोटी नाही, त्याला बायका-मुलं असलेली कुटुंबंही सांभाळायची असतात, भांडणं सोडवायची असतात. पण नियम कडक केला की नशा बंद होत नाही, ती भिंतीबाहेर जाते. शाहजहानी पार्कच्या कोपऱ्यात, पुलाखाली. तिथं १०८ ला फोन करायलाही कोणी नसतं.

म्हणून मला वाटतं की ही वही चुकीच्या पद्धतीनं ठेवली तर न ठेवण्यापेक्षा वाईट. तिच्यात नाव लिहिलं, आधार लिहिला, आणि ती उद्या कुणी चौकशीला मागितली, तर महिन्याभरात निवारा रिकामा. मरण बाहेर गेलं की आकडा शून्य होईल आणि आपण म्हणू बघा, सुधारणा झाली. या वहीत नाव नको. माझ्या एका सहकाऱ्याचं मत उलट आहे. तो म्हणतो, नाव नसेल तर त्याच माणसाला दुसऱ्यांदा झालं हे कसं कळणार, त्याच्या उपचाराचा पाठपुरावा कसा होणार. त्याचं म्हणणं मी टाकून देत नाही. पण उपचाराचा कागद दवाखान्याकडे असावा आणि मोजणीचा कागद निवाऱ्याकडे. दोन्ही एक करू नयेत.

मग लिहायचं काय? तारीख, वेळ. जागा, म्हणजे खाटेवर, संडासात की फाटकाबाहेर. हाक मारून, छातीचं हाड चोळून जागा झाला का. मिनिटाला श्वास किती. सोबतच्यांनी काय घेतल्याचं सांगितलं, सांगितलं तर. १०८ ला फोन कधी केला, गाडी कधी आली. आणि १०८ च्या कॉलला जो नंबर पडतो तो. माझ्या मते सगळ्यांत कामाचा हाच. तो नंबर गाडीच्या कागदावर असतो, दवाखान्याच्या कागदावर उतरवून घेता येतो. त्या चार कागदांना जोडणारा धागा तोच होऊ शकतो, माणसाचं नाव न लिहिता. महिन्याला एकदा कुणीतरी बसून ताडून पाहिलं की झालं. सॉफ्टवेअर लागत नाही, निविदा लागत नाही. एक शाळकरी रजिस्टर लागतं.

इथं मला मुक्तांगणची आठवण होते. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं ते तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. ते वाचून पु.ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, पैसे घेऊन पुढे आले आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं. मराठी घरांना त्या लिखाणानं पहिल्यांदा कळलं की हे आपल्या पोराचंही होऊ शकतं. कुणीतरी वहीत लिहिलं, म्हणून कुणालातरी वाचता आलं. मुक्तांगणनं कुटुंबाला सोबत घेऊन काम केलं, आणि तीच त्या कामाची ताकद. रैन बसेऱ्यातल्या माणसाकडे नेमकं तेच नसतं. त्याच्या जागी एक केअरटेकर असतो, आठ-दहा हजारांत रात्र काढणारा.

आपल्या समाजाकडून दर थंडीत निवाऱ्यांत ब्लँकेटं जातात. १९५६ मध्ये नवं राज्य झालं तेव्हा नागपूरहून सचिवालयाच्या फायलींसोबत आलेली आपली कुटुंबं. पहिली थंडी अर्धवट बांधलेल्या क्वार्टरांत काढली म्हणून आजोबा सांगायचे. त्यातूनच बहुधा ही ब्लँकेटांची प्रथा पडली. ती चालू राहू द्या. यंदा जानेवारीत अशा थंडीत कुणी गेल्याची बातमी वाचाल, 'ठंड से मौत.' असेलही. बेघर माणूस क्षयानं जातो, न्यूमोनियानं जातो, हृदयानं जातो, नुसत्या दारूनंही जातो. प्रत्येक मरण अफूच्या खात्यात टाका असं मी म्हणत नाही. थंडीच्या खात्यात तरी ते न बघता का टाकायचं, एवढंच विचारतो.

माझी विनंती अशी. ब्लँकेटं द्यायला जाणाऱ्या आपल्या तरुण मुलांतल्या चार-पाच जणांनी माझ्यासोबत दोन निवाऱ्यांत यावं. महापालिकेची परवानगी रीतसर काढू, अर्ज तयार आहे. केअरटेकरना अर्ध्या दिवसाचं शिक्षण एखादे डॉक्टर देतील, आपल्यातच तिघं आहेत. वही आपण द्यायची, आणि महिन्याला एकदा ताडून पाहायचं काम मी करीन. सहा महिन्यांनी एक कागद तयार होईल. तो घेऊन आरोग्य खात्याकडे जाता येतं, इंडेंटला जोडता येतो. आकडा शून्य आला तर तोही कागदच आहे, मला आनंदच होईल.

आरतीची वेळ होत आली. जाता जाता ओळखायचं कसं ते सांगून थांबतो, कारण हे केअरटेकरइतकंच तुम्हाला-मला उपयोगी. घरात आजोबांच्या कंबरदुखीच्या गोळ्यांच्या डब्यातही ट्रामाडॉल असते, आणि चुकून दुप्पट गेलेली मी पाहिली आहे. हाक मारली, खांदा हलवला, छातीच्या हाडावर मुठीनं चोळलं तरी माणूस उठत नाही. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ओठ, नखं निळसर-राखाडी. आणि श्वास. घड्याळ लावून पूरं एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे बारा ते वीस असतात. बारापेक्षा कमी, किंवा गुरगुरत, अडखळत घोरणं. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय असं समजून त्याला तसंच सोडतात, आणि तिथंच घात होतो. तोंडात मिठाचं पाणी, लिंबू, दूध काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. थंड पाण्याची बादली नको, थपडा नकोत. कुशीवर वळवा, हनुवटी थोडी वर करा, जवळ बसून राहा. श्वास थांबलाच आणि तुम्ही शिकलेले असाल तर तोंडानं श्वास द्या. १०८ ला सांगताना 'पी के पड़ा है' असं म्हणू नका. सांगा, श्वास मिनिटाला इतके आहेत, उठत नाही, अफूची नशा किंवा गोळ्यांचा संशय आहे. आणि कॉलचा नंबर लिहून घ्या. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. ज्यांना निवाऱ्यात यायचं आहे त्यांनी आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाजवळ मला भेटा, वही तिथंच ठेवली आहे.